बँकर इंजिन आणि न विकला गेलेला गोलंदाज

शनिवारी सकाळी मला कर्जत स्टेशनवर काहीही काम नसतं. आठवड्यातले तीन दिवस याच फलाटावरून धावतपळत मुंबईची लोकल पकडायची असते, त्याचा सूड म्हणून शनिवारी मुद्दाम रमतगमत जातो. दिवाडकरांचा वडा घ्यायचा आणि पुण्याकडे निघालेल्या गाडीला मागून बँकर लागताना बघत उभं राहायचं. हा माझा विकांताचा ठरलेला कार्यक्रम.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: कर्जतच्या पुढे बोरघाट सुरू होतो. १८६३ साली हा मार्ग खुला झाला, चढ ३७ फुटांना एक फूट. पुढचं इंजिन एकटं बहुतेक गाड्यांना वर नेऊ शकत नाही, म्हणून कर्जतला मागून जादा इंजिनं जोडतात, ती गाडीला लोणावळ्यापर्यंत ढकलतात आणि तिथे सुटी होतात. वंदे भारतसारख्या नव्या गाड्यांना त्यांची गरज लागत नाही. पण बाकीच्या गाड्यांचं काय? गाडीवर नाव लिहिलेलं असतं ते गाडीचं. वेळापत्रकात येतो तो गाडीचा नंबर. बँकरचं नाव कुणाला माहीत असतं?

हे सगळं आठवायचं कारण, आमच्या टीममधला एक अमेरिकन सहकारी. त्याला त्यांच्या फुटबॉलचं वेड आहे (तो फुटबॉल म्हणजे बहुतांशी हातानं खेळायचा खेळ, असो). परवा मीटिंग सुरू व्हायला वेळ होता तेव्हा तो एका कोड्याबद्दल बोलत होता. त्यांच्याकडे कॉलेजातून आलेल्या खेळाडूंची दरवर्षी निवड होते, तिला ड्राफ्ट म्हणतात. सात फेऱ्या, अडीचशेच्या वर खेळाडू. त्यात ज्याचं नावच आलं नाही तो अनड्राफ्टेड. आता असा खेळाडू जर लाइनमन असेल, म्हणजे समोरच्यांना अंगावर घेऊन आपल्या माणसासाठी वाट मोकळी करणारा, तर त्याच्या नावावर धावा नाहीत, गोल नाहीत, काहीच नाही. वर तो दुखापतीतून परत येतोय. त्याचं मूल्यमापन करायचं कसं?

उदाहरण त्यानंच दिलं, जेसन पीटर्सचं. २००४ च्या ड्राफ्टमध्ये त्याला कुणीही घेतलं नाही. बफेलोच्या संघानं मागाहून घेतला, त्याची जागा बदलून त्याला लाइनमन केला, आणि तो त्या पिढीतल्या सर्वोत्तमांपैकी एक झाला. २०१२ मध्ये टाचेमागची शीर तुटली आणि आख्खा मोसम गेला. तीस वर्षांच्या, दीडशे किलोच्या आसपासच्या माणसाची ही शीर तुटली की संपलाच असं समजतात. २०१३ मध्ये तो परत आला आणि पुन्हा सर्वोत्तमांच्या यादीत गेला.

मी लगेच म्हणालो, "आमच्याकडेपण असा एक आहे." त्याला क्रिकेट कळत नाही, त्यामुळे ते संभाषण तिथेच मेलं. पण मला ते सोडवेना. त्याला एक कारण आहे, ते शेवटी सांगतो.

आमच्याकडचा तो म्हणजे पालघरचा शार्दुल नरेंद्र ठाकूर.

कर्जत आणि पालघर ही मुंबईच्या लोकलच्या नकाशाची दोन टोकं. आम्ही मध्य रेल्वेच्या शेपटाला, ते पश्चिम रेल्वेच्या. चर्चगेटपासून पालघर सुमारे ९० किलोमीटर. शार्दुल लहान होता तेव्हा तर ते लोकलच्या नकाशातही नव्हतं, डहाणूपर्यंत लोकल गेली ती २०१३ साली. त्याआधी पॅसेंजर, शटल, जे मिळेल ते. क्रिकेटचं किट घेऊन पहाटेच्या गाडीत घुसणं म्हणजे काय हे लोकलवाल्याला समजावून सांगायला नको. तरी पालघर नशीबवान म्हणायचं, ते मुंबई क्रिकेटच्या हद्दीत येतं. आमचा रायगड जिल्हा क्रिकेटच्या कागदांवर पुण्याच्या संघटनेकडे. म्हणजे कामाला मुंबई, क्रिकेटला घाटावर!

शाळेत असताना हॅरिस शील्डच्या सामन्यात त्यानं एका षटकात सहा षटकार मारले. बोरिवलीच्या दिनेश लाड सरांनी त्याला आपल्या शाळेत आणलं, इतकंच नाही तर आपल्या घरी ठेवून घेतलं, कारण रोजचा पालघर-बोरिवली प्रवास मुलाला खाऊन टाकेल हे त्यांना दिसत होतं. माझ्या मते त्याचं पहिलं खरं मूल्यमापन तेच. मुलगा दमलेला दिसतोय तो खेळामुळे की प्रवासामुळे, हे सरांनी वेगळं करून बघितलं. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

मुंबईकडून रणजीत तो २०१२ मध्ये आला. अंगानं जरा जाडच होता, सचिननं वजन कमी करायला सांगितलं हा किस्सा त्यानंच सांगितलेला आहे. २०१४-१५ च्या रणजी मोसमात ४८ बळी. २०१६ च्या अंतिम सामन्यात पुण्याला सौराष्ट्राविरुद्ध सामन्यात ८ बळी, दुसऱ्या डावात २६ धावांत ५. मुंबई डावानं जिंकली.

मग १२ ऑक्टोबर २०१८, हैदराबाद, वेस्ट इंडीजविरुद्ध पहिली कसोटी. आयुष्यभर ज्या टोपीसाठी गाड्या पकडल्या ती मिळाली. दहा चेंडू टाकले आणि जांघेचा स्नायू गेला. दहा चेंडू! तो लंगडत बाहेर गेला आणि दुसरी कसोटी खेळायला त्याला २७ महिने लागले.

आणि दुसरी कसोटी मिळाली कशी? जानेवारी २०२१ मध्ये ब्रिस्बेनला भारताचा अर्धा संघ जायबंदी होता. बुमराह नाही, शमी नाही, उमेश नाही, अश्विन नाही, जडेजा नाही. उरलेल्यांत हा. तिथे त्यानं ३ आणि ४ असे ७ बळी घेतले. भारत ६ बाद १८६ असताना वॉशिंग्टन सुंदरबरोबर १२३ धावांची भागी केली, स्वतः ६७. गॅबावर ऑस्ट्रेलिया १९८८ पासून कसोटी हरली नव्हती, ती हरली. त्याच वर्षी ओव्हलला दोन्ही डावांत अर्धशतकं (५७ आणि ६०), जानेवारी २०२२ मध्ये जोहान्सबर्गला एका डावात ६१ धावांत ७ बळी. लोकांनी गमतीनं 'लॉर्ड' म्हणायला सुरुवात केली. पण बघा, या कामाचं स्वरूप बँकरचंच आहे. पहिले दोन गोलंदाज थकल्यावर चेंडू हातात घ्यायचा, सहा-सात फलंदाज गेल्यावर फलंदाजीला यायचं. गाडीचं नाव दुसऱ्याचं, चढ मात्र याच्या वाट्याला.

आता बाजारभाव बघू. आयपीएलमध्ये २०२२ साली त्याची किंमत १० कोटी ७५ लाख. २०२४ साठी ४ कोटी. त्या मोसमात चेन्नईकडून ९ सामन्यांत ५ बळी. त्यानंतर जून २०२४ मध्ये लंडनला पायाची शस्त्रक्रिया. पायाचीच एक शस्त्रक्रिया २०१९ मध्येही झाली होती. आणि २४-२५ नोव्हेंबर २०२४ ला जेद्दाहमध्ये मोठा लिलाव झाला तेव्हा मूळ किंमत २ कोटी असूनही दहापैकी एकाही संघानं हात वर केला नाही. त्या दोन दिवसांत १८२ खेळाडू विकले गेले. हा त्यांत नव्हता. वय ३३.

इथे मी थोडा संगणकवाल्याच्या पद्धतीनं विचार करतो, चालवून घ्या. लिलावाच्या टेबलावर बसलेल्या माणसाला खरं तर तीन प्रश्नांची उत्तरं हवी असतात.

एक, हा बरा झाला का?

दोन, हा पूर्वीइतका चांगला आहे का?

तीन, आपल्याकडे याच्यासाठी जागा आहे का?

हे तिन्ही प्रश्न निरनिराळे आहेत, त्यांची उत्तरं देणारा विदाही निराळा. पण लिलावात एका खेळाडूला मिळतो जेमतेम मिनिटभर, आणि उत्तर म्हणून एकच आकडा द्यायचा असतो. मग काय होतं? पहिल्या प्रश्नाची भीती दुसऱ्या प्रश्नात मिसळते, दुसऱ्याचं उत्तर गेल्या मोसमाच्या आकड्यावरून काढलं जातं, आणि त्या मोसमात त्याचा पाय धड होता की नव्हता हे कुणी विचारत नाही. तीन अनिश्चित गोष्टींचा गुणाकार केला की उत्तर लहानच येणार. इथे शून्य आलं.

जुन्या काळी हे सोपं होतं असंही नाही. जानेवारी १९८१, सिडनी. आपला संदीप पाटील हेल्मेटशिवाय ६५ वर खेळत होता, लेन पॅस्कोचा चेंडू डोक्याला कानाजवळ लागला आणि तो कोसळला. दुसऱ्या डावात तरी तो फलंदाजीला आला. पुढची कसोटी त्याच महिन्यात ॲडलेडला, तिथे १७४. केवढी अफाट गोष्ट! पण आजच्या नियमांनी त्याला सिडनीत दुसऱ्यांदा मैदानावर पाऊल ठेवू दिलं नसतं, आणि ते योग्यच झालं असतं. तेव्हा 'खेळशील का?' या प्रश्नाला खेळाडूचं 'हो' हेच मूल्यमापन होतं. ते ॲडलेडला बरोबर ठरलं म्हणून पद्धत बरोबर होती असं होत नाही. उत्तर बरोबर आलं, रीत चुकली, आमच्या गणिताच्या बाई यात अर्धेच मार्क द्यायच्या.

आता दुसरं टोक आलंय. २०१७ च्या सुमारास यो-यो चाचणी आली. वीस मीटर पळा, वळा, पळा, बीप वाढत जाते. बंगळुरूच्या अकादमीतून तंदुरुस्तीचा दाखला मिळाल्याशिवाय भारताच्या संघात परत येता येत नाही. चांगली गोष्ट आहे. पण या चाचण्या मुख्यतः पहिल्या प्रश्नाचं उत्तर देतात, तेही त्या दिवसापुरतं. वेगवान गोलंदाज चेंडू टाकताना पाय आपटतो तेव्हा शरीराच्या वजनाच्या कित्येक पट भार त्या पायावर येतो, आणि हे दिवसातून शंभरेक वेळा, दुसऱ्या दिवशी परत, चार दिवसांनी परत. हे तपासायला यंत्र नाही. हे तपासायला रणजी करंडक आहे.

म्हणून मी त्याच्या २०२४-२५ च्या मोसमाकडे परत गेलो, आणि ठरवलं की सगळ्यात चांगला दिवस बघायचा नाही, कॅलेंडर बघायचं.

ऑक्टोबरच्या सुरुवातीला लखनौत इराणी करंडक. शस्त्रक्रियेनंतर चार महिन्यांच्या आत. अंगात ताप असताना फलंदाजीला येऊन ३६ धावा काढल्या, सर्फराजच्या द्विशतकाला साथ दिली आणि त्या दिवसानंतर दवाखान्यात भरती झाला. मुंबईनं २७ वर्षांनी तो करंडक जिंकला. भावनिक व्हायला छान प्रसंग, पण प्रामाणिकपणे सांगायचं तर पाय बरा आहे की नाही हे यातून काहीही कळत नाही. जिद्द कळते. ती गॅबालाच कळली होती.

२९ नोव्हेंबर, लिलाव संपून चार दिवस झालेले. मुश्ताक अली स्पर्धेत केरळविरुद्ध ४ षटकांत ६९ धावा दिल्या, बळी एक. त्या स्पर्धेच्या इतिहासातला तोवरचा सर्वांत महागड्या गोलंदाजीचा विक्रम, आणखी एकाबरोबर वाटून घेतलेला. दहा संघमालकांनी त्या रात्री एकमेकांना टाळ्या दिल्या असतील, 'वाचलो बुवा!' मीही तेव्हा मनात म्हटलं होतं, संपला.

आता जानेवारी २०२५. बीकेसीच्या मैदानावर जम्मू-काश्मीरविरुद्ध रणजी सामना. मुंबईकडून रोहित, जयस्वाल, रहाणे, श्रेयस, सगळी नावाची माणसं खेळत होती. पहिल्या डावात मुंबई ७ बाद ४७. ठाकूर ५१, आणि सगळे मिळून १२०. दुसऱ्या डावात ७ बाद १०१. ठाकूर ११९, तनुष कोटियनबरोबर आठव्या गड्यासाठी १८४. मुंबई हरली, तरी त्या सामन्यात जे काय अंग होतं ते यानंच धरलं.

पाच दिवसांनी मेघालय. हॅटट्रिक, समोरचा संघ २ धावांत ६ बाद, सामन्यात एकूण ८ बळी आणि ४२ चेंडूंत ८४ धावा. (मेघालयाचा संघ कच्चा, म्हणून मी याला अर्धाच भाव देतो.) त्यानंतर आठवड्याभरात कोलकात्याला हरियाणाविरुद्ध उपांत्यपूर्व सामना, ५८ धावांत ६ बळी. मग नागपूरला विदर्भाविरुद्ध उपांत्य सामना, त्यात मुंबई हरली, याच्या दुसऱ्या डावात ६६.

म्हणजे २३ जानेवारी ते २१ फेब्रुवारी या तीस दिवसांत चार सामने, आणि चारही खेळला. मोसमाचे एकूण ५०५ धावा आणि ३५ बळी. गंमत म्हणजे मार्च २०२४ मध्ये, शस्त्रक्रियेच्या तीनच महिने आधी, याच माणसानं जाहीरपणे सांगितलं होतं की रणजी सामन्यांत तीनच दिवसांची विश्रांती दिली तर खेळाडू जायबंदी होतील. तेव्हा तो तमिळनाडूविरुद्ध पहिलं प्रथम श्रेणी शतक ठोकून आला होता. स्वतःच्या पायाचा हिशेब त्याला कुठल्याही चाचणीपेक्षा आधी कळला होता की काय, असं आता वाटतं.

तर पहिल्या प्रश्नाचं उत्तर फेब्रुवारी २०२५ ला मिळालं: बरा झाला. ते उत्तर ११९ मध्ये नव्हतं, तीस दिवसांत होतं. आणि केरळविरुद्धचे ६९? तो एक वाईट दिवस होता, इतकंच. एका दिवसावरून जसं 'परत आला' म्हणू नये तसं 'संपला' पण म्हणू नये. हे मला तेव्हा कळायला हवं होतं.

आयपीएलचं दार मात्र यामुळे उघडलं नाही. तो एसेक्स काउंटीकडून खेळायचा करार करून बसला होता. मार्चमध्ये लखनौचा मोहसिन खान जायबंदी झाला आणि त्याच्या जागी ठाकूरला बोलावलं, २ कोटींत. पुन्हा तेच. ब्रिस्बेनला दुसऱ्याच्या दुखापतीतून जागा, इथेही दुसऱ्याच्या दुखापतीतून. २४ मार्चला विशाखापट्टणमला पहिल्याच षटकात दोन बळी, २७ मार्चला हैदराबादला ३४ धावांत ४ आणि आयपीएलमधले शंभर बळी पूर्ण. हैदराबाद! जिथे दहा चेंडूंत सगळं संपलं होतं तेच शहर.

इथे थांबलो असतो तर सिनेमा झाला असता. पण खरं पुढे आहे. त्या मोसमाचा शेवट १० सामन्यांत १३ बळी, आणि षटकामागे ११ धावा. म्हणजे दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर, निदान वीस षटकांच्या खेळापुरतं, तितकंसं गोड नाही. लिलावातले मालक अगदीच आंधळे नव्हते. मग इंग्लंड दौऱ्यावर निवड झाली. लीड्सला १६ षटकं, ओळीनं दोन चेंडूंवर डकेट आणि ब्रूक. पुढच्या दोन कसोटींत बाहेर. मँचेस्टरला ४१ धावा, ११ षटकं, बळी नाही. दोन कसोटींत मिळून २७ षटकं. निवड समितीनं विश्वास टाकला, पण मैदानावर चेंडू हातात द्यायची वेळ आली की तो विश्वास पातळ व्हायचा. हे तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर, आणि ते त्याच्या पायात नव्हतं, संघाच्या रचनेत होतं. पुढे मुंबईनं त्याला रणजीचं कर्णधारपद दिलं (२०२५-२६). मुंबईला त्याची जागा कळली होती.

एकूण काय, तिन्ही प्रश्नांची तीन वेगळी उत्तरं आली: हो, काही ठिकाणी, जिथे ओळखतात तिथे. ही तीन उत्तरं एका आकड्यात कशी बसवणार?

आता ते कारण. काही वर्षांपूर्वी मी एका मुलाची मुलाखत घेतली. खोपोलीकडचा, घाटात बाइकचा अपघात, दोन शस्त्रक्रिया, चौदा महिने घरी. त्याच्या कामात झगमग काही नव्हती. दुसऱ्यांनी लिहिलेल्या कोडमधल्या चुका शोधायच्या, रात्री बंद पडलेला सर्व्हर उभा करायचा. बँकरच. मुलाखतीत एका सोप्या प्रश्नावर तो अडखळला. मी शेऱ्यात लिहिलं, 'गॅपमुळे हात गेलाय.' पाऊण तासात तीन प्रश्नांचं एक उत्तर. त्याचे ते ६९ मी धरले आणि कॅलेंडर मागितलंच नाही. पुढे तो कुठे गेला मला ठाऊक नाही, आणि तो खरंच आमच्या कामाचा होता की नव्हता हेही आता कधी कळणार नाही. चुकीच्या मूल्यमापनाचा सगळ्यात मोठा तोटा हाच, चूक झाली हेसुद्धा सिद्ध होत नाही. शार्दुलच्या मागे रणजीचं मैदान तरी होतं, आकडे लिहून ठेवणारे होते. त्याच्या मागे काय होतं?

सोमवारी तशीच एक मुलाखत आहे. या वेळी एक मुलगी, आजारपणानंतर दीड वर्षानं परत येतेय. मी साहेबांना विचारून ठेवलंय की पाऊण तासाऐवजी तिला आठवडाभर आमच्यात बसवू, खरं काम देऊ, त्याचे पैसे देऊ. साहेब म्हणाले, "बघू." हो नाही, पण नाहीही म्हणाले नाहीत.

समोरच्या गाडीला बँकर लागला. मागून एक बारीक धक्का आला, डब्यातल्या कुणीतरी चहा सांडला असेल. वडा संपला, निघतो.